खत कुणाच्या वाट्याचं?



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, शिवकाळावर, नाटकावर बोलणारी माणसं येऊन गेली. यंदा तुम्ही खतावर बोलणाऱ्या माणसाला बोलावलंत. चिटणिसांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, ‘अहो, लोक उठून जातील.’ तर ते म्हणाले, ‘गुरुजींच्या नावाची सभा आहे. इथं उकिरड्याचा विषय निघाला तरी कुणी नाक मुरडणार नाही.’ गुरुजींना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल. आठवडाभर शाळेत भूगोल आणि रविवारी रानात, हा त्यांचा शिरस्ता. धोतराला लागलेला खडू आणि चिखल दोन्ही त्यांनी कधी झटकले नाहीत.

मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तर गुरुजींनी बांधावर गाठलं. म्हणाले, ‘तुझ्या पुस्तकात कोरडवाहू करडईला खत किती सांगितलंय?’ मी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं, ‘हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद.’ ‘आणि हरभऱ्याला?’ ‘२५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद.’ गुरुजी हसले. ‘म्हणजे एकाचं उलटं दुसरं. आता माझ्या रानात हे दोघं शेजारी शेजारी उभे आहेत. मग खत कुणाच्या वाट्याचं टाकू?’

मला उत्तर आलं नाही. पुस्तकात करडईचं प्रकरण वेगळं होतं, हरभऱ्याचं वेगळं. आंतरपिकाचंही एक प्रकरण होतं, पण त्यात खताला जेमतेम दोन ओळी. पुढे चाळीस वर्षं मी शेतीच्याच खात्यात काढली, आणि मागे वळून पाहिलं तर त्यातला बराचसा वेळ त्या बांधावरच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेला. ते उत्तर आज इथे ठेवायला आलोय. उशीर झाला आहे, पण गुरुजी वही उशिरा दिली तरी तपासत असत.

आधी पिकांची ओळख. तुमच्यापैकी निम्म्यांना ती नको आहे, पण शहरातून आलेली मुलं बसली आहेत त्यांच्यासाठी सांगतो. करडई तेलाचं पीक. तिला काटे, आणि तिचं सोटमूळ इतकं खोल की काळ्या रानात दोन मीटरच्याही खाली जाऊन ओल शोधतं. हरभरा शेंगकुळीतला, म्हणजे डाळीच्या घरातला. त्याची मुळं त्या मानाने वर. दोघंही हस्ताच्या पावसावर पेरायचे आणि पुढे थंडीवर, दवावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढायचे. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर या पट्ट्यात पाऊस पाठ फिरवतो तेव्हा ही जोडी शेतकऱ्याला सोडून जात नाही. या भागातल्या कोरडवाहू शेतीचा शास्त्रीय अभ्यास सोलापुरात १९३३ साली सुरू झाला, तोही दुष्काळाच्या धसक्यानेच. ना. वि. कानिटकरांसारख्या माणसांनी त्या काळात मातीतली ओल इंचाइंचाने मोजली. पुढे करडईच्या संशोधनाचं ठाणंही सोलापुरातच पडलं. करडईचा काटा काढून टाकायचं काम मात्र फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केलं. त्यांचं ‘नारी-६’ हे बिनकाट्याचं वाण ज्याने हातात धरलं, त्याला जुन्या करडईची काढणी काय असते ते सांगायला नको. पहाटे, दवाने काटा मऊ असतो तोवर काढायची. ऊन चढलं की हात रक्ताळायचे.

जोडपीक ही कुणा विद्यापीठाची युक्ती नव्हे. मी सहा-सात वर्षांचा असेन. वडील तिफण हाकायचे, काकू चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायची आणि आई मागे सरता धरून चालायची. सरता म्हणजे तिफणीला मागून दोरीने बांधलेली पोकळ नळी. ओट्यातलं बी चिमटीने त्या नळीत सोडायचं, की मुख्य पिकाच्या काकरांशेजारी वेगळ्या पिकाचं एक तास, म्हणजे एक ओळ, पडत जातं. किती फेऱ्यांनी सरता लावायचा, हे आई मोजत नसे. ती ओवी म्हणायची आणि ओवी संपली की सरता. बरोबर पडायचं. मी पुढे कृषिविद्येत ‘ओळींचे प्रमाण’ हा धडा शिकलो तेव्हा मला ती ओवी आठवली. शिफारशीत सहास तीन हे प्रमाण आलं, की मुलं ते पाठ करतात. ते कुठून आलं हे कुणी सांगत नाही. तिफणीला तीन फण. दोन फेऱ्या हरभऱ्याच्या, एक फेरी करडईची. झालं सहास तीन. शास्त्राच्या पुष्कळ आकड्यांमागे असं एखादं अवजार उभं असतं.

आता खताकडे येतो, आणि पहिल्यांदा एक गैरसमज मोडतो. शिबिरात, भित्तीपत्रकावर, अगदी शाळेच्या पुस्तकातही आपण वाचतो की डाळीचं पीक हवेतलं नत्र धरतं आणि शेजारच्या पिकाला देतं. पहिला भाग खरा आहे. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८८ मध्ये तो सिद्ध केला. शेंगकुळीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल असं करून देतात. दुसरा भाग मात्र भाबडा आहे. उभ्या हंगामात हरभरा करडईला देतो ते नत्र फार थोडं. तो देतो असं नव्हे, तो मागत नाही. स्वतःची सोय स्वतः केल्यामुळे मातीतल्या नत्रावर त्याचा हात कमी पडतो आणि ते करडईला उरतं. जेवणाच्या पंगतीत डबा घरून आणलेला माणूस शेजारी बसला, तर वाढप्याच्या भांड्यात तुमच्यासाठी जास्त राहतं, तसं. हरभऱ्याचं खरं देणं पुढच्या पिकाला पोचतं, पाला गळून आणि मुळं कुजून.

हा फरक बारीक वाटतो. पण खताची सगळी गणितं याच फरकावर उभी आहेत. कारण पंगतीत आयतं ताट समोर आलं, की तो माणूस घरचा डबा उघडतच नाही.

हे मी डोळ्यांनी कुठे पाहिलं ते सांगतो. मंगळवेढ्याजवळच्या एका शेतकऱ्याचं रान. हरभऱ्यात करडई, सहास तीन. पेरणीनंतर आठवडाभरात अवचित पाऊस झाला, म्हणून त्याने हौसेने युरिया फोकला. पण युरिया अर्ध्या रानालाच पुरला. उरलेल्या अर्ध्यात त्याने होता तो मूठ-मूठ फक्त करडईच्या तासांत सोडला आणि हरभरा तसाच ठेवला. मार्गशीर्षात मला बोलावलं. ज्या बाजूला सगळीकडे युरिया पडला होता तिथे करडई कमरेला लागलेली, काळपट हिरवी, शेंड्यांवर मावा. तिच्या सावलीत हरभरा लांबट, फांद्या कमी. दुसऱ्या बाजूला करडई जरा ठेंगणी, पण हरभरा गोल, बुटका, भरलेला.

आम्ही दोन्हीकडची चार-चार झाडं खुरप्याने मुळासकट काढली आणि बादलीत धुतली. उपटली नाहीत, कारण उपटलं तर गाठी मातीतच राहतात. पहिल्या बाजूच्या मुळांवर गाठी मोजक्या, मोहरीएवढ्या. नखाने फोडल्या तर आतून फिकट, हिरवट. दुसऱ्या बाजूला गाठींचे घोस. फोडल्या तर आतून लालसर गुलाबी, रक्ताळलेल्या हिरडीसारख्या. हा रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या द्रव्याचा. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचा तो लांबचा भाऊ. गाठ गुलाबी म्हणजे जिवाणू कामावर. फिकट, हिरवट म्हणजे गाठ थंडावलेली. शेतकरी बराच वेळ नखाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘पैसे संपले म्हणून पीक साधलं, असं तुमच्या अहवालात लिहू नका सायेब.’ मी लिहिलं नाही. इथे सांगतोय.

मग हरभऱ्याच्या शिफारशीत २५ किलो नत्र कशाला असतं? प्रश्न रास्त आहे. बी उगवल्यापासून गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. तेवढ्या दिवसांची ती शिदोरी. शिदोरीच्या जागी पोटभर जेवण दिलं, की गाठी काम सोडतात.

स्फुरदाची कथा उलटी. इथे हरभरा देणारा आहे, निदान उकरून काढणारा तरी. हरभऱ्याच्या पानांना आंबट चव असते हे इथे कुणाला सांगायला नको. पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ फडकं अंथरून दवासकट ती आंब टिपायची आणि पिळून बाटलीत भरायची. पोटदुखीला घरोघर ठेवलेली असायची. ती आंबट चव मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची. जे पानावर, त्याच जातीचा उद्योग मातीतही चालतो. हरभऱ्याची मुळं सेंद्रिय आम्लं सोडतात आणि काळ्या मातीत चुन्याला चिकटून बसलेला स्फुरद थोडा थोडा सुटा करतात. तुरीने तर याहून पुढची मजल मारली आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिलं, की लाल मातीत लोहाला घट्ट धरून बसलेला स्फुरद तुरीचं मूळ पिसिडिक नावाच्या आम्लाने सोडवतं. ज्या कुलपाला इतर पिकांची किल्ली लागत नाही ते तूर उघडते. तेव्हा डाळीच्या पिकाला दिलेला स्फुरद वाया जात नाही. गाठींनाही तो लागतो, कारण हवेतलं नत्र फोडायचं काम अंगमेहनतीचं आहे आणि त्या मेहनतीचा खुराक स्फुरद.

आता गुरुजींचा हिशोब मांडू. सहास तीन म्हणजे दोन तृतीयांश रान हरभऱ्याचं, एक तृतीयांश करडईचं. हरभऱ्याच्या वाट्याचं नत्र २५ चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे १७ किलो. करडईच्या वाट्याचं ५० चा एक तृतीयांश, म्हणजे तेही सुमारे १७ किलो. गंमत बघा, दोघांचा वाटा सारखा निघाला. पण तो हरभऱ्याच्या सहा तासांत वाटायचा आहे आणि करडईच्या तीन. म्हणजे तासामागे करडईला दुप्पट. स्फुरद असाच काढला तर हेक्टरी सुमारे ४२ किलो. एकराच्या भाषेत बोलायचं तर स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटची दोन पोती आणि साधारण २९ किलो युरिया, त्यातला अर्धा हरभऱ्याच्या सहा तासांत, अर्धा करडईच्या तीन तासांत. सगळं पेरणीबरोबर, बियाच्या खाली, दोन चाड्यांच्या पाभरीने पेरून द्यायचं. कोरडवाहूत वरून फोकलेलं खत पाऊस आला नाही तर वरच पडून राहतं आणि आला तर तणाला आधी सापडतं. विद्यापीठागणिक, मातीगणिक आकडे थोडे हलतील. माती तपासून घ्या. रीत मात्र हीच.

इथे कुणी म्हणेल, दोन पोती सुपर वाहण्यापेक्षा एक पोतं डीएपी परवडतं. स्फुरदाचा तोच हिशोब डीएपीतून एकराला ३६ किलोत बसतो. पोतंही पुरतं लागत नाही. डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा, आणि दुकानदारालाही. मी त्याला आळस म्हणणार नाही. पण सुपरमध्ये स्फुरद १६ टक्के असतो आणि त्याखेरीज सुमारे ११ टक्के गंधक असतं. डीएपीत नत्र १८, स्फुरद ४६ आणि गंधक शून्य. दोन पोती सुपर टाकलं की एकरी अकरा-बारा किलो गंधक न मागता रानात पडतं. करडई तेलाचं पीक, आणि तेलबियांना गंधक लागतं तितकं तृणधान्यांना लागत नाही. गंधक कमी पडलं की दाणा दिसायला ठीक दिसतो, घाण्यावर तेल कमी उतरतं. उलट नत्र जास्त झालं तरी दाण्यात प्रथिनं वाढतात आणि तेलाचा टक्का उतरतो. डाळीच्या प्रथिनांतही गंधक असतंच. म्हणजे नत्राने या दोन पिकांत भांडण लागतं आणि गंधक दोघांच्याही कामाचं, तर आपण पोत्याच्या सोयीसाठी भांडणाचं खत रानात नेलं आणि समेटाचं दुकानात ठेवून आलो. माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांतली मराठवाड्यातल्या खताची सगळ्यात न बोललेली चूक हीच.

यात धोरणाचाही हात आहे. १ एप्रिल २०१० पासून केंद्राने स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्यावर आधारित अनुदान लावलं, त्यांच्या किमती बाजारावर सोडल्या आणि युरिया मात्र त्याबाहेर ठेवला. स्फुरद महागला, युरिया स्वस्तच राहिला. पुढे युरियाला कडुनिंबाचं अस्तर लागलं, त्याचं पोतं ५० किलोवरून ४५ किलोचं झालं, पण किंमत २६६ रुपये ५० पैसे. पन्नास किलो डीएपीला तेराशे पन्नास मोजणारा शेतकरी हातात उरलेल्या पैशात काय घेईल? जोडपिकातल्या डाळीचं अळीने केलं नसेल तितकं नुकसान या किमतीच्या पाटीने केलं. स्वस्त नत्र मिळाल्यावर डबा घरून आणणाऱ्याची किंमत राहत नाही.

शेणखताबद्दल बोलताना माझा आवाज जरा हळवा होतो, म्हणून आधी आकडा सांगतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. हेक्टरी पाच टन टाकलं तर कागदावर २५ किलो नत्र झालं, म्हणजे हरभऱ्याच्या शिफारशीएवढं. पण ते एका हंगामात हाती येत नाही. थोडं यंदा, थोडं पुढल्या साली. नेमकी हीच संथ चाल जोडपिकाला मानवते. ताट एकदम भरून येत नाही, त्यामुळे हरभऱ्याच्या गाठी निजत नाहीत आणि करडईला फुलोऱ्यापर्यंत चमचा-चमचा मिळत राहतं. शिवाय ओल धरून ठेवली जाते, आणि रब्बीत ओल हेच पहिलं खत. आपल्या विद्यापीठांत आणि बाहेरच्या देशांतही तेलबी-डाळीच्या जोड्यांवर निव्वळ रासायनिक, निव्वळ सेंद्रिय आणि अर्धं-अर्धं असे प्रयोग पुष्कळ झाले. सगळ्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, माती आणि पावसाप्रमाणे बदलतात. पण अर्धं शेणखत, अर्धं रासायनिक आणि बियाला जिवाणू, ही तिहेरी सोय बहुतेक ठिकाणी पहिल्या एक-दोन क्रमांकांत दिसते. ‘सगळं सोडा आणि फक्त सेंद्रिय करा’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण एवढंच, की शेणखत आणणार कुठून? दावणीला बैल नाही, गोठ्यात एक म्हैस, आणि रान सात एकर. उकिरडा भाषणाने भरत नाही.

कंपोस्टची इंदूर पद्धत जगाला देणारे अल्बर्ट हॉवर्ड सेंद्रियवाल्यांना देवासारखे. त्यांचं एक काम मात्र फार कुणी सांगत नाही. इंदूरला जाण्याच्या कितीतरी आधी, बिहारमधल्या पुसा इथे असताना, हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी करडईचा अभ्यास केला होता. १९१५ साली तो प्रसिद्ध झाला. ढिगाऱ्यावर बोलायच्या आधी या माणसाने झाड पाहिलं होतं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

जिवाणूंच्या पाकिटाबद्दल एकच किस्सा. दहा किलो बियाला २५० ग्रॅम रायझोबियम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं आणि सावलीत सुकवायचं, हे मी शेकडो सभांत सांगितलं. एकदा एका दुकानात गेलो तर ती पाकिटं फळकुटावर, दुपारच्या उन्हात, पत्र्याखाली रचलेली. जिवाणू म्हणजे जीव; तो तिथे कधीच मेला असणार. वर आणखी, पाकीट सोयाबीनचं आणि गिऱ्हाईक हरभऱ्याचं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. शेतकऱ्याने ते वापरलं, काही झालं नाही, आणि तो म्हणाला, ‘हे सगळं थोतांड आहे.’ त्याचं काय चुकलं? म्हणून आता मी पाकिटावरची तारीख आणि पिकाचं नाव वाचायला सांगतो, मगच गुळाचं.

एव्हाना तुम्ही विचाराल, हे सगळं केलं तर फायदा किती? शास्त्रज्ञ त्यासाठी जमीन-समतुल्य गुणोत्तर नावाचं एक माप वापरतात. नाव जड आहे, गोष्ट साधी. समजा, एका हेक्टरात नुसता हरभरा दहा क्विंटल होतो आणि नुसती करडई आठ. जोडीत हरभरा सात आला आणि करडई चार. हरभऱ्याचा सात दशांश अधिक करडईचा अर्धा, बेरीज एक पूर्णांक दोन दशांश. म्हणजे हेच उत्पन्न वेगवेगळं घ्यायला एक हेक्टर वीस आर रान लागलं असतं. हे आकडे फक्त समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या प्रयोगाचे नव्हेत. पण खऱ्या प्रयोगांत या मापाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली आहे. नत्र जसजसं वाढवत जावं, तसतसा डाळ आणि बिगरडाळ जोडीचा हा फायदा बहुधा उतरत जातो. जोडी कमी खताच्या रानात सर्वांत जास्त शोभते. आणि एक सावधगिरी: तुलनेला घेतलेल्या नुसत्या पिकाला त्याचं पुरतं खत दिलं होतं का, ते आधी विचारा. एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याला जेवू घातलं, तर गुणोत्तर हवं तेवढं मोठं काढता येतं. मी तरुणपणी असा एक तक्ता मोठ्या अभिमानाने मांडला होता. मागच्या बाकावरून एका प्राध्यापकांनी हा प्रश्न विचारला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

हे सांगताना मी खरिपाकडे मुद्दाम फार गेलो नाही. सोयाबीनमध्ये तूर, चारास दोन, ही लातूरकडची आजची सर्वांत मोठी जोडी. पण तिथे गंमत अशी, की सरकारी यादीत सोयाबीन तेलबी असलं तरी कुळाने तेही शेंगाचंच. भुईमुगाचंही तेच. म्हणजे पंगतीतल्या दोघांनीही डबा आणलाय. तिथे नत्राचं भांडण नाही. तिथला प्रश्न स्फुरदाचा, गंधकाचा आणि भुईमुगाला आऱ्या सुटताना लागणाऱ्या जिप्समचा. विदर्भात जवसात हरभरा घेतात, त्याला मात्र आजचा सगळा हिशोब लागू पडतो.

अडचणी मी लपवत नाही. हरभरा आधी वाळतो, करडई मागाहून. दोन काढण्या, दोन मळण्या, आणि मजूर एकदाही मिळत नाही. हार्वेस्टरला एकच पीक कळतं. तणनाशकाची फवारणी दोघांना चालेल अशी मिळणं कठीण. करडईचा पेरा आमच्या डोळ्यांदेखत ओसरला. ज्या गावांत संक्रांतीला करडईचं पिवळं-केशरी रान दिसायचं, तिथे आता नुसता हरभरा, मैलभर. आणि तेल आपण बाहेरून आणतो, देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. १९८६ साली तेलबियांची तंत्रज्ञान मोहीम निघाली, काही वर्षं आपण जवळपास पायावर उभे राहिलो होतो. मग आयातीचं दार उघडलं. त्या कथेचं वेगळं व्याख्यान होईल.

माझं मागणं लहान आहे. या रब्बीत तुमच्या रानातले फक्त दहा गुंठे बाजूला काढा. सहास तीन पेरा. पाच गुंठ्यांत नेहमीसारखं डीएपी आणि वरून युरिया. उरलेल्या पाचांत शेणखत, सुपर, बियाला ताज्या तारखेचे हरभऱ्याचेच जिवाणू, आणि युरिया मी सांगितला तसा तासाच्या हिशोबाने. खर्च वहीत लिहा. हरभरा फुलावर आला की दोन्हीकडचं एकेक झाड खुरप्याने मुळासकट काढा, बादलीत धुवा, गाठ नखाने फोडा. आतून कोणता रंग निघाला तो एका कार्डावर लिहून वाचनालयाच्या पत्त्यावर टाका. गुलाबी असो की फिकट, कार्ड टाकाच. पुढच्या वर्षी ही कार्डं याच व्यासपीठावर वाचून दाखवावीत, अशी मी पदाधिकाऱ्यांना विनंती करतो.